गुडघ्याखाली उशी नको

तुझ्या आईच्या, अक्काच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला निघाली आहेस, तर त्याआधी एक काम कर, पोरी. तिचा उभ्याने काढलेला एक्स-रे आहे का बघ. आडवं झोपवून काढलेल्या फोटोत गुडघ्यातली फट बरी दिसते. अंगाचा भार पायावर आला की हाड हाडाला कुठे टेकतंय, पाय किती फेंगडा झालाय, ते खरं दिसतं. माझी सगळी नोकरी हाडांच्या वॉर्डात गेली. झोपवून काढलेला फोटो आणि सोबत महागडा एमआरआय अशा कितीतरी फायली माझ्या हातांखालून गेल्या. झिजलेल्या गुडघ्याला एमआरआय सहसा लागत नाही. उभ्याचा साधा फोटो पुरतो.

दुसरं असं, की फोटो बघून ऑपरेशन ठरवू नये, माणूस बघून ठरवावं. फोटोत गुडघा पार गेलेला दिसतो आणि बाई मंडईतून पिशवी घेऊन चालत घरी येतात, रात्री शांत झोपतात. त्यांनी थांबायला हरकत नाही. रात्री दुखण्याने जाग येते, चार घरांपलीकडे चालवत नाही, गोळी घेऊनही निभावत नाही, पाय दिवसेंदिवस वाकडा होतोय, अशी वेळ आली की मात्र टाळू नये. अक्का आता देवळातसुद्धा जात नाही म्हणालीस. ती सोसत बसणाऱ्यांतली आहे. ‘अजून चालतंय की’ या तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस. गुडघा सरळ व्हायचा बंद झाला आणि मांडीचा स्नायू सुकला की मग ऑपरेशन कितीही छान झालं तरी पाय हवा तसा उभारी धरत नाही. फार लवकर नको आणि फार उशीरही नको, ही वेळ साधायची असते.

तारीख मिळेपर्यंतचे आठवडे रिकामे घालवू देऊ नकोस. पलंगावर पाय लांब करून बसवायचं, गुडघ्याच्या मागे टॉवेलची बारीक गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरायची, सोडायची. मांडीवर तुझा हात ठेव. स्नायू घट्ट होताना हाताला लागला पाहिजे. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, धरायचा, हळू टेकवायचा. सकाळ-संध्याकाळ दोन्ही पायांना. हीच मांडी ऑपरेशननंतर तिला खुर्चीतून उठवणार आहे. वजनही जमेल तेवढं उतरव. अंगाचं एक किलो कमी झालं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा जवळपास चार किलोंचा भार हलका होतो, असं अभ्यासात दिसलंय. तीन-चार किलो उतरले तरी पुष्कळ झालं.

आणि पैसे कुठे घालवायचे नाहीत तेही सांगते. ‘वंगण’ वाढवणाऱ्या म्हणून मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या वर्षानुवर्षं गिळून झीज भरून आलेली मी पाहिलेली नाही, आणि आजच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनाही त्या घ्या म्हणत नाहीत. दुर्बिणीतून गुडघा ‘धुऊन’ घ्यायचा सल्ला कुणी दिला तर नाही म्हण. अमेरिकेत ह्यूस्टनला याची नीट परीक्षा झाली होती: काहींचा गुडघा खरोखर धुतला, काहींना नुसते वरवर छेद दिले, आणि पुढे दोघांच्या दुखण्यात फरक निघाला नाही. तो अहवाल २००२ मध्ये छापून आला, तरी झिजलेल्या गुडघ्यांना हा सल्ला अजून कुठे कुठे मिळतोच. आणि बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या त्या बिननावाच्या पुड्या! दोन दिवसांत आराम पडतो, कारण त्यांत बहुधा स्टेरॉइड कालवलेलं असतं. ते वर्षभर पोटात गेलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. अक्काने कधी घेतल्या असतील तर तिला न रागावता विचारून घे आणि डॉक्टरांना सांग. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कळणं फार गरजेचं असतं.

गुडघ्यात घ्यायचं स्टेरॉइडचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट. डॉक्टरांनी दिलेलं असतं, काही आठवडे बरंही वाटतं. पण ते दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याच गुडघ्याचं ऑपरेशन करू नये. पू होण्याचा धोका वाढतो. मागचं इंजेक्शन कधी घेतलं, ती तारीख शोधून ठेव.

सर्जन निवडताना लाजायचं नाही. वर्षाला किती गुडघे करता, माझ्या आईचं ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार ना, नंतर व्यायाम कोण करून घेणार, रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार, हे सगळं विचार. चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही. मला विचारशील तर रोज हेच काम करणारा हात आणि स्वच्छतेला कडक असलेलं थिएटर, या दोन गोष्टींना मी सगळ्यांत जास्त किंमत देते. रोबोटच्या जाहिराती आता एसटी स्टँडवरही दिसतात. रोबोटने हाड नेमकं कापलं जातं हे खरं. पण पेशंट पुढची वीस वर्षं त्यामुळे जास्त चांगला चालतो, असं अजून ठामपणे दिसलेलं नाही. सर्जनला त्याची सवय असेल आणि खर्च झेपत असेल तर घ्या, त्यासाठी कर्ज काढू नका.

झीज गुडघ्याच्या आतल्या बाजूलाच असेल तर पूर्ण गुडघा न बदलता अर्धाच बदलता येतो का, हेही एकदा विचार. अक्काच्या वयाला दोन्ही पर्याय चालतात. पन्नाशीच्या आतल्या, फेंगड्या पायाच्या माणसाला तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करायचं ऑपरेशनसुद्धा असतं, आणि त्याने कृत्रिम गुडघा बरीच वर्षं लांबवता येतो.

पैशांचं बोलू. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. त्याआधी सर्रास दीड लाखाच्या पुढे छापील किंमत असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा गुडघा ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. पुढे या दरांत थोडेफार बदल होत आलेत, म्हणून सध्याचा दर विचारून घे. पण हक्क लक्षात ठेव: बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा दाखवायचाच असतो. ‘पॅकेजमध्ये आलं सगळं’ एवढ्यावर मान डोलवू नकोस. शेजारच्या काकूंसाठी विचारत होतीस ना, त्यांनी रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावं. योजनेतल्या रुग्णालयात तो बसलेला असतो. कोणतं ऑपरेशन कुठल्या रुग्णालयात बसतं ते त्याच्याकडून आधी लिहून घ्यावं आणि मगच भरती व्हावं.

दोन्ही गुडघे एकदम करायचे का? एकदाच भूल, एकदाच रजा, खर्चही कमी, म्हणून घरच्यांना ते सोयीचं वाटतं. पण हृदय आणि फुप्फुसांवर ताण जास्त पडतो, रक्तही जास्त जातं. अक्काला मधुमेह आहे, बीपी आहे. इथे सर्जनपेक्षा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ काय म्हणतात ते मोलाचं. माझं मत विचारशील तर आधी जास्त दुखणारा करावा, तीन महिन्यांनी दुसरा.

भरती व्हायच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडे ने. किडका दात, सुजलेली हिरडी, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, अंगावरचं गळू, यांतलं काहीही असलं तर आधी ते बरं व्हायला हवं. शरीरात कुठेही जंतू असले तरी ते रक्तातून जाऊन नव्या धातूवर बसू शकतात, आणि धातूवर बसलेले जंतू औषधाने सहजी हटत नाहीत. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी साखरेची तपासणी, एचबीए१सी, बहुतेक सर्जनना साडेसात-आठच्या खाली हवी असते. ती जास्त निघाली तर तारीख पुढे ढकला, त्यात काही बिघडत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कधी बंद करायची ते डॉक्टरांनाच ठरवू दे, परस्पर बंद करू नकोस. अक्काची मिश्री सुटली पाहिजे. तिला माझं नाव सांग. तंबाखूने जखमेकडचा रक्तपुरवठा आखडतो. निदान महिनाभर आधी तोंडाला लावायची नाही.

आदल्या दिवशी घरी ब्लेडने पाय भादरू नये, बारीक चिरा पडतात आणि त्यांतूनच जंतू शिरतात. नखांवर मेंदी, रंग नको. बोटाला लावायच्या यंत्राला ऑक्सिजन नीट वाचता येत नाही. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढायची. या वयाच्या बायकांना जोडवी काढताना जीव वर-खाली होतो, ती तुझ्या रुमालात बांधून ठेव आणि तिला दाखव की माझ्याजवळ आहेत. कवळी काढून डबीत ठेव.

बहुतेक वेळा कमरेतून भूल देतात. एका गुडघ्याला तास-दीड तास लागतो. त्या रात्री किंवा दुसऱ्या रात्री अक्का काहीबाही बोलायला लागली, ‘घरी चल, गाय बांधायची राहिली’ म्हणाली, तर घाबरू नकोस. वयस्क माणसाला भूल, वेदना, परकी जागा आणि जागरण यांनी भ्रम होतो. सिस्टरला लगेच सांग, म्हणजे साखर, ऑक्सिजन, सोडियम तपासतील. तिचा चष्मा आणि कानाचं यंत्र तिला लावून दे, दिवसा पडदे उघडे ठेव, ओळखीचं एक माणूस शेजारी बसू दे. बहुतेकांचा तो दोन-चार दिवसांत निवळतो. कितीतरी लेकी मी वॉर्डाच्या दारात रडताना पाहिल्यात, केवळ कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून.

त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं करतील. ‘इतक्यात?’ असं तू म्हणू नकोस, तिच्यासमोर तर नकोच. उभं राहिल्याने, पावलं वर-खाली हलवत राहिल्याने पोटरीत रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका कमी होतो. जागी असेपर्यंत दर तासाला पावलं हलवायला सांग.

आता मुख्य गोष्ट. गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. हे मी दरवाजावर लिहून लावायचे आणि तरी रोज सकाळी राउंडला दोन-तीन पेशंटच्या पायाखालून उश्या काढायचे. ठेवणारे कोण, तर सगळ्यांत माया करणारं माणूस. गुडघा थोडा वाकलेला असला की दुखत नाही, पेशंट ‘हं, आता बरं वाटलं’ म्हणतो, लेकीला समाधान वाटतं. पण त्याच स्थितीत आतलं सगळं आखडत जातं. महिन्या-दीड महिन्यात गुडघा सरळ व्हायचा थांबतो, आणि सरळ न होणाऱ्या पायाने माणूस जन्मभर लंगडतो. वाकणं पुढेही वाढवता येतं. सरळ होणं पहिल्या काही आठवड्यांत मिळवायचं असतं. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेव, म्हणजे गुडघा मागे अधांतरी राहतो आणि आपल्याच वजनाने खाली बसतो. दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दुखेल. तिच्याशी बोलत बस, गाणी लाव, पण उशी वर सरकवू नकोस.

वाकवण्यासाठी तिला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसव. चांगल्या पायाची पोटरी ऑपरेशनच्या पायाच्या पुढून टेकवायची आणि हळूहळू मागे ढकलायचं. दोन आठवड्यांत काटकोन व्हावा, दीड महिन्यात त्याच्या पुढे जावा, एवढा साधारण अंदाज. शेजारच्या बाईचा किती वाकला याची तुलना करू देऊ नकोस. ऑपरेशनआधी जो गुडघा जेमतेम वाकत होता तो नंतरही थोडा कमीच वाकतो.

दुखण्याच्या गोळ्या वेळेवर द्यायच्या, दुखायला लागल्यावर नाही. व्यायामाच्या आधी अर्धा-पाऊण तास दिलेली गोळी कामाला येते. अक्का म्हणेल, ‘सोसतं मला, कशाला गोळ्या?’ तिला सांग, इथे सोसणाऱ्याचं नुकसान होतं. दुखतंय म्हणून ती पाय हलवणार नाही, आणि पाय हलवला नाही की गुडघा धरतो. आपल्या घरातल्या बायका आयुष्यभर दुखणं लपवत आल्या, निदान या दीड महिन्यात तरी त्यांनी दुखतंय ते दुखतंय म्हणून सांगावं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र लिहून दिल्या तेवढेच दिवस. मधुमेह्याच्या मूत्रपिंडाला त्या झेपत नाहीत. चातुर्मास असला तरी उपास बंद. जखम भरायला डाळ, उसळ, अंडं, दूध, पनीर लागतं. साबुदाण्यावर जखम भरत नाही. वेदनेच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही. पाणी, पपई, गरज पडल्यास इसबगोल, आणि तीन दिवस झाले नाही तर डॉक्टरांना फोन.

बर्फाने शेकायचं ते कपड्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. गरम शेक नको. तेल-मालीश, हळदीचा लेप, अर्काची पानं, यांतलं काही जखमेजवळ फिरकू द्यायचं नाही, मग ते सुचवणारी माझी जाऊ का असेना. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. तोवर आणि पुढेही थोडे दिवस भेटायला येणाऱ्यांना फोनवरच बोलायला लाव. सर्दी-खोकला घेऊन माणसं येतात, पलंगावर बसतात, पाय दाबून बघतात, आणि जाता जाता ‘आमच्या अमकीचा गुडघा शेवटपर्यंत वाकलाच नाही’ असं सांगून जातात. दार अडवायचं काम जावईबापूंना दे.

घरात पायपुसणी, सतरंजी, गालिचा, नातवाची खेळणी गोळा करून ठेव. न्हाणीघरात भिंतीला धरायचा दांडा बसवून घे, प्लास्टिकची उंच खुर्ची ठेव. स्टुलावर आंघोळ नको, ते सरकतं. कमोड हवाच. रात्रीचा बारीक दिवा हवा. पहिले तीन-चार आठवडे ती रात्री एकटी उठणार नाही, एवढं मनावर घे. जिन्याचा नियम असा: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. काठी धरायची ती ऑपरेशनच्या पायाच्या विरुद्ध हातात. हे सगळ्यांना उलटं वाटतं आणि जवळजवळ प्रत्येक जण आधी चुकीच्या हातातच काठी धरतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती एखाद्या दिवशी रडेल. ‘उगीच केलं’ म्हणेल. झोप होत नसते, व्यायाम दुखतो, परावलंबी झाल्याचं मनाला लागतं. तेव्हा तिला शिस्त सांगू नकोस, जवळ बस. गुडघा गरम लागणं, संध्याकाळी सुजणं, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं, आत टकटक आवाज येणं, हे महिनोन्‌महिने चालतं आणि त्यात काही वावगं नाही. पूर्ण जम बसायला वर्षही लागतं.

घाबरायचं कशाला, ते वेगळं लक्षात ठेव. पोटरी एकदम सुजली, दाबली की कळ येते. अचानक दम लागला, छातीत दुखलं. जखमेतून पाणी किंवा पू येत राहिला. ताप येऊन गुडघा लालबुंद झाला. कमी होत चाललेलं दुखणं पुन्हा वाढायला लागलं. दम लागला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि जखमेतून पाणी येतंय म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक सुरू करू नये. आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनना गुडघा दाखवायचा. गोळ्या पोटात गेल्या की गुडघ्यातलं पाणी तपासूनही पुष्कळदा जंतू सापडत नाही, आणि लवकर पकडता आला असता तो आजार आत मुरतो. पुढेही, वर्षांनंतरसुद्धा, दात काढायचा असेल, लघवीची किंवा फोडाची लागण झाली, तर ‘माझ्या पायात कृत्रिम सांधा आहे’ हे तिने स्वतःहून सांगितलं पाहिजे.

मांडी घालून बसता येईल का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण अक्का विचारणार. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसाच्या गुडघ्याचा आकार आणि आपल्या बैठका डोळ्यांपुढे ठेवून ‘इंडस’ गुडघा घडवला, तो याच प्रश्नापायी. काहींना नंतर मांडी घालता येते. पण येते म्हणून रोज घालू नये. उकिडवं बसणं, पाटावर जेवायला बसणं, खाली बसून भांडी घासणं यांनी आतल्या प्लास्टिकवर नको तिथे भार पडतो. पूजा खुर्चीवर बसून होते. २००० च्या ऑक्टोबरात पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईला ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. त्यानंतर आमच्याकडे खेड्यापाड्यांतून माणसं ‘वाजपेयींसारखा गुडघा’ मागत यायची. बऱ्याच जणांना वाटायचं की ऑपरेशन झालं म्हणजे विशीतला पाय मिळणार. तसं होत नाही. दुखणं जातं, पाय सरळ होतो, मैल-दोन मैल चालता येतं. पाचांतला एखादा पेशंट तरीही पूर्ण समाधानी नसतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलंय. अक्काला हे आधी सांग, म्हणजे नंतर तिचा विरस होणार नाही. किती टिकतो म्हणशील, तर २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीप्रमाणे शंभरातले सुमारे ८२ पूर्ण गुडघे २५ वर्षांनंतरही जागेवर होते. तिच्या वयाला एकदाच करून भागावं.

आता तुझ्या दिराचं. त्याचं वय चाळिशीच्या आत, दुखतोय म्हणे गुडघा, आणि गुडघ्याचे सगळे फोटो चांगले आलेत. त्याला विचार, जांघेत दुखतं का? मोजे घालताना, पायाची नखं काढताना, मोटारसायकलवर टांग टाकताना अडतं का? हो म्हणाला तर आजार बहुधा खुब्यात आहे. खुब्याचं दुखणं पुष्कळदा मांडीतून उतरून गुडघ्यात बोलतं, आणि माणसं महिनोन्‌महिने गुडघ्याला मलम चोळत राहतात. आपल्याकडे तरुण पुरुषांचा खुबा बहुतेक वेळा रक्तपुरवठा तुटून खराब होतो. दारू आणि स्टेरॉइड ही त्याची मोठी कारणं. कोविडमध्ये ज्यांना स्टेरॉइड भरपूर द्यावं लागलं त्यांच्यातही हे नंतर दिसलं. इथे मात्र एमआरआय करायचा, आणि लगेच करायचा. सुरुवातीला एक्स-रे अगदी नीट असतो आणि एमआरआयमध्ये आजार दिसतो. गोळा खचायच्या आत कळलं तर हाडात छिद्र पाडून दाब कमी करण्यासारखे उपाय असतात. खचल्यावर बहुधा खुबा बदलण्याशिवाय गत्यंतर नसतं.

बदलायची वेळ आलीच तर त्याला धीर दे. इंग्लंडमध्ये राइटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये धातूचा लहान गोळा आणि टणक प्लास्टिकची वाटी बसवली, तिथून आजचा खुबा आला. चार्नलींनी थिएटरमधल्या हवेच्या स्वच्छतेचा ध्यास घेतला आणि जंतुसंसर्ग झपाट्याने खाली आणला. थिएटरच्या स्वच्छतेबद्दल मी मघाशी बोलले ते त्यांच्याच कामाने शिकवलेलं. खुब्याचे पेशंट गुडघ्याच्या पेशंटपेक्षा लवकर हसतात, हा माझा वॉर्डातला अनुभव. पण पहिले दीड ते तीन महिने खुबा निखळू नये म्हणून जपायचं: पायावर पाय नको, बुटक्या खुर्चीत, पाटावर बसणं नको, वाकून चप्पल उचलणं नको, पाऊल आत वळवून गिरकी घेणं नको, झोपताना दोन पायांमध्ये उशी. हो, इथे उशी हवी, पण पायांच्या मधे. कुठल्या बाजूने छेद घेतलाय त्यावर हे नियम थोडे बदलतात, म्हणून त्याच्या सर्जनकडून लिहून घ्यावेत.

तुझ्या आजेसासूबाईंसाठी एकच. त्या कधी घसरून पडल्या, उठता येईना, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं आणि तो पाय आखूड दिसला, तर खुब्याचं हाड मोडलंय असं समज. हाडवैद्याला बोलावून ओढू देऊ नकोस. अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव. वय पंच्याऐंशी आहे म्हणून ‘आता कशाला ऑपरेशन’ असं घरात कुणी म्हणेल. पण अंथरुणाला खिळलेल्या वयस्क माणसाला न्यूमोनिया आणि बेडसोअर गाठतात. शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन करून त्यांना उभं करणं हाच जीव वाचवायचा मार्ग असतो.

शेवटचं काम डिस्चार्जच्या दिवशीचं. इम्प्लांटच्या खोक्यावर चिकटवलेली छोटी स्टिकर असतात. कंपनी, माप, लॉट क्रमांक त्यांवर छापलेला असतो. ती अक्काच्या डिस्चार्ज कार्डावर किंवा फाईलमध्ये लावलेली आहेत का बघ. डेप्यू कंपनीने ऑगस्ट २०१० मध्ये ‘एएसआर’ नावाचे खुबे जगभरातून परत मागवले. धातूवर धातू घासून त्याचे कण शरीरात मिसळत होते. भारतातही असे हजारो खुबे बसवलेले होते. पुढे नुकसानभरपाईसाठी माणसं शोधायची वेळ आली तेव्हा कितीतरी जणांचा पत्ताच लागेना. म्हणून स्टिकर लावलेलं कार्ड हातात आल्याशिवाय, आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून तुझ्या भावालाही पाठवल्याशिवाय, अक्काला घेऊन गाडीत बसू नकोस.